एकदा घातलेलं पाणी

नळदुरुस्ती करणाऱ्या त्या माणसाला सगळे पान्या म्हणत. तर हा पान्या रविवारी सकाळी चर्चच्या दारात उभा होता आणि फुटक्या पाइपासारखा घामाने गळत होता. धाकट्या बहिणीच्या लेकीचा बाप्तिस्मा होता. मेणबत्ती, पांढरं झबलं, पाहुणे, सगळं जय्यत तयार. पंधरा वर्षांत चर्चची पायरी न चढलेला मामासुद्धा आला म्हणून बहीण हरखून गेली होती. मामा मात्र दारातून पुढे सरकत नव्हता.

फादरांनी आईबापांना विचारलं, "या बाळासाठी काय मागता?"

"बाप्तिस्मा," दोघं एका सुरात म्हणाले.

"थांबा!" पान्या एवढ्याने ओरडला की बाळ दचकून रडायला लागलं. "तिचा झालाय. मीच दिलाय!"

आता तोंड उघडलंच होतं, तर त्याने एका दमात सांगून टाकलं. चार महिन्यांपूर्वी पोर सातव्या महिन्यातच जन्मली, त्या दुपारी बहीण शुद्धीवर नव्हती आणि तिचा नवरा परगावी होता. नर्स म्हणाली, फार वेळ नाही. फादरांना बोलवायलाही उसंत नव्हती. जीव धोक्यात असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, एवढं लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेलं होतं. नर्सकडून वाटीत कोमट पाणी घेतलं आणि काचेच्या पेटीत हात घातला.

"आणि मला बोलला नाहीस, दादा?" बहिणीने विचारलं.

"काय बोलू? डॉक्टरांनी आशा सोडली होती, हे? शिवाय माझ्यासारख्याने दिलेला खरा की खोटा, देव जाणे. म्हटलं, आज फादर रीतसर देतील आणि मी सुटेन. पण बाप्तिस्मा दोनदा देत नाहीत, हेही त्याच मेल्या वर्गात शिकवलं होतं!"

फादर त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. "शब्द कोणते म्हणालास?"

"पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो."

"पाणी डोक्यावरून वाहिलं? की नुसतं बोट टेकवलंस?"

"फादर, पाणी वाहिलं का, हे तुम्ही मला विचारताय?"

अख्खं चर्च खो खो हसलं. फादरही हसले. "मग झाला की! मी आता पाणी घालणार नाही. तेल, पांढरं वस्त्र आणि मेणबत्ती, तेवढंच राहिलंय."

बहिणीने पान्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. "गाढव आहेस, दादा! दवाखान्यात नंतर कोणाला आत सोडेनात, घरी आली तर बाहेर काढू देईनात. चार महिने जीव मुठीत धरून होते मी, की ही बाप्तिस्म्यावाचून तशीच गेली तर? आणि ही पहिल्या दिवसापासून देवाची लेक!" ती रडत होती आणि हसतही होती.

"पण फादर, हात माझे होते," पान्या म्हणाला.

"हात कोणाचेही असोत. बाप्तिस्मा देतो तो ख्रिस्तच."

पान्याचा आवाज एकदम खाली आला. "मग माझा? पंधरा वर्षं मी इकडे फिरकलो नाही. माझ्या बाप्तिस्म्यातलं काही उरलंय का?"

"सगळाच्या सगळा," फादर म्हणाले. "तो कुठे गेलाच नव्हता. तू गेला होतास."

पान्या दारातच मटकन गुडघ्यांवर बसला आणि भरल्या चर्चमध्ये, पाहुण्यांची पर्वा न करता, आनंदाने ओक्साबोक्शी रडला.