दोन तिकिटं, एक पाकीट

तीन नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या बुकिंग क्लार्क बाईला सगळं स्टेशन ‘सुपरफास्ट’ म्हणायचं. वरवर ती नाक मुरडायची, पण आतून तिला ते नाव फार आवडायचं. सतरा वर्षांत तिच्या खिडकीपुढची रांग कधी पायऱ्यांपर्यंत गेली नव्हती. म्हणून रेल्वेने एका विमान कंपनीबरोबर गाडी आणि विमानाचं एकत्र तिकीट सुरू केलं, तेव्हा प्रशिक्षणाला तिलाच पाठवलं. परत येऊन तिने बाकीच्यांना शिकवलं.

“गाडी लेट झाली, विमान चुकलं, तर कंपनीने पुढच्या विमानात जागा द्यायचीच. पण तिकीट एकत्र असेल तरच, बरं का! सुटी दोन तिकिटं असतील तर प्रवासी आणि त्याचं नशीब.”

ऐकणारे हसले होते. तीही हसली होती.

एकत्र तिकिटाचा एकच वैताग होता. संगणकावर त्याची चार पानं भरावी लागायची आणि तिसऱ्या पानावर ते हटकून अडकायचं.

एका मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना, एक साठीचे गृहस्थ खिडकीशी आले. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, सगळे त्यांना बाइंडर म्हणत. नखांत वाळलेली खळ होती.

“ताई, त्या बोर्डावरचं एकत्र तिकीट द्या. उद्या सकाळची गाडी, दुपारचं विमान. माझ्या दादाचं परवा सकाळी घशाचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्रच काढणार म्हणतात. नंतर आवाज नाही राहणार. फोनवर म्हणाला, ‘एकदा समोर बसून बोलू, मग आयुष्यभर तू बोल आणि मी ऐकतो.’ मोठा बोलघेवडा आहे हो! म्हणून म्हटलं, धोका नको.”

तिने मान हलवली. अर्धंमुर्धंच ऐकलं होतं. पहिलं पान झालं, दुसरं झालं, तिसरं अडकलं. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकलं. मागून कुणीतरी म्हणालं, “आज काय सुपरफास्टची पॅसेंजर झाली का?” रांगेत हशा पिकला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने ते पान बंद केलं, गाडीचं एक आणि विमानाचं एक अशी दोन तिकिटं फटाफट काढली, आणि ‘एकत्र प्रवास’ असं छापलेल्या पाकिटात घालून पुढे सरकवली.

“दोन कागद दिसतायत. पण तिकीट एकच ना?” बाइंडरनी विचारलं.

“एकच समजा,” ती म्हणाली, “पुढचे या.”

दुसऱ्या दिवशी साडेदहाला फलकावर अक्षरं उमटली. सिग्नल बिघडल्यामुळे सकाळची गाडी वाटेत उभी होती, दोन तास तरी उशीर होणार होता. बाइंडर त्याच गाडीत होते. प्रवासी विमानतळावर पोचायच्या आत विमान कंपनीला फोन केला, तर दोन्ही तिकिटं जोडून घेता येतात, हे तिला ठाऊक होतं. इतरांना शिकवलंच होतं की तिने! तिने रिसीव्हर उचलला. पण पलीकडचा माणूस पहिला प्रश्न विचारणार, ‘सुटी तिकिटं का काढली?’ आणि उत्तर तिच्या नावासकट नोंदलं जाणार. शेजारच्या टेबलावर साहेब बसले होते.

‘तिकडची माणसं बघतील काहीतरी,’ तिने मनाशी म्हटलं आणि रिसीव्हर खाली ठेवला.

बारा दिवसांनी बाइंडर पुन्हा खिडकीशी आले. तिने त्यांना रांगेतच ओळखलं, आणि तक्रारीला काय उत्तर द्यायचं ते जुळवून ठेवलं. पण तक्रार आलीच नाही.

“ताई, नुसतं सांगायला आलो. माझंच चुकलं बघा. विमानतळावरची मुलगी म्हणाली, ‘आजोबा, एकत्र तिकीट मागायचं होतं.’ मी बहुतेक नीट बोललोच नसेन. संध्याकाळच्या विमानात दोन जागा होत्या, त्या एकत्रवाल्यांना मिळाल्या. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तोवर दादाला आत नेलं होतं.” ते कसंनुसं हसले. “आता पाटीवर लिहून बोलतो. अक्षर मात्र भयंकर आहे त्याचं, निम्मं मला लागतच नाही. तर म्हटलं, माझ्यासारख्या बावळटांना तुम्ही दोनदा विचारत जा. बाकी काही नाही.”

खरं सांगायची हीच वेळ होती. साहेबांनी मान वर करून पाहिलं. आणि तिच्या तोंडून तिच्याच आवाजात शब्द बाहेर पडले, “हो काका, पुढच्या वेळी नीट सांगत जा.”

“सांगेन,” बाइंडर म्हणाले, आणि मागच्याला वाट करून देत बाजूला झाले.

त्या संध्याकाळी तिने भाजी करपवली, मुलीवर विनाकारण खेकसली. शेवटी नवऱ्याला सगळं सांगितलं.

“त्याने तक्रार केली नाही ना? मग झालं तर,” नवरा म्हणाला. त्याने धीर द्यायला म्हटलं होतं, पण तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण सकाळपासून नेमकं हेच वाक्य ती स्वतःला ऐकवत होती.

सुट्टीच्या दिवशी ती बांधणीच्या दुकानात गेली. बरोबर मुलीचा फाटका शब्दकोश नेला होता, म्हणजे धीर सुटला तर तो बांधायला देऊन परतता आलं असतं. बाइंडर पुठ्ठ्याला खळ लावत होते. त्यांनी स्टूल पुढे केलं, शब्दकोश हातात घेऊन कणा दाबून पाहिला.

“आठ दिवसांत देतो.”

“काका, मी त्यासाठी नाही आले,” ती म्हणाली, आणि उभ्या उभ्याच तिने सांगून टाकलं. तुम्ही एकत्रच मागितलं होतंत. तुम्ही अगदी नीट बोलला होतात. मीच सुटी तिकिटं काढली, लोक हसले म्हणून.

बाइंडरचा ब्रश चालूच राहिला. “घाई सगळ्यांनाच असते,” ते हळूच म्हणाले. मग काहीतरी सुचल्यासारखं त्यांनी विचारलं, “गाडी वाटेत उभी राहिली, ते तुम्हाला कधी कळलं?”

याचं उत्तर द्यावं लागणार नाही, अशी आशा धरूनच ती आली होती.

“तेव्हाच. फोन करता आला असता. मी उचलला होता. परत ठेवला.”

ब्रश थांबला. खळीचा एक थेंब पुठ्ठ्यावरून ओघळून टेबलावर पडला, तोही त्यांनी पुसला नाही.

“तिकिटाचं मी विसरलो असतो,” ते शेवटी म्हणाले. “पण हे... आणि वर त्या दिवशी मला म्हणालात, नीट सांगत जा. मी दादाला सांगितलंय, माझ्या बावळटपणामुळे पोचलो नाही म्हणून. तो बिचारा मलाच समजावतोय.”

तिने मान खाली घातली. रडू येत होतं, पण इथे रडणं म्हणजे पुन्हा त्यांनीच तिची समजूत घालायची. तिने ओठ दाबून धरले.

बाइंडरनी खणातून कोरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. “दादाला तुम्हीच लिहा. माझ्या सांगण्यावर त्याचा विश्वास बसायचा नाही. मी कुणालातरी वाचवतोय असं त्याला वाटेल.”

कागद कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ती लिहायला बसली. पहिल्या कागदावर संगणक अडकल्याचं आलं, तो तिने फाडला. दुसऱ्यावर रांगेचं आलं, तोही फाडला. तिसऱ्या कागदावर पाचच ओळी उरल्या, त्यात फोनची एक होती. बाइंडरनी वाचून घडी घातली. माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. शब्दकोशाची पावती मात्र लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने साहेबांच्या टेबलावर लेखी अहवाल ठेवला. साहेब वैतागले. “मिटलेलं प्रकरण कशाला उकरून काढलंत?” पण कागद आला म्हटल्यावर त्यांना तो वर पाठवावाच लागला. महिन्याभरात तिला खिडकीवरून उठवून पार्सल ऑफिसात बसवलं.

तिथे बाइंडर दर पंधरा दिवसांनी येतात. बांधलेल्या पुस्तकांचे गठ्ठे बाहेरगावी पाठवायचे असतात. ती पत्ता दोनदा वाचून दाखवते, ते “बरोबर” म्हणतात. दादांचं उत्तर आलं का, हे तिने अजून विचारलेलं नाही. मागच्या वेळी बाइंडर पावती खिशात घालून दारापर्यंत गेले आणि वळले. तिला वाटलं, आता काही बोलतील.

“वरचा गठ्ठा ओला होऊ देऊ नका,” ते म्हणाले आणि निघून गेले.

तिने उठून तो गठ्ठा फळीवर, ओलसर भिंतीपासून दूर ठेवला.