नव्वदांतली एक

चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम ती बारा वर्षं करत होती. चाळिशीत तिने पदवी घ्यायचं मनावर घेतलं, तीही भौतिकशास्त्राची. वर्ग सगळा फोनवर. दुपारी दुकान बंद असताना मागच्या खोलीत, यंत्राशेजारच्या स्टुलावर बसून ती तास ऐकायची. कॅमेरा बंद, आवाज बंद. आपल्या लेकीच्या वयाच्या मुलांत तोंड कशाला उघडायचं? तास संपला की "समजलं" किंवा "नाही समजलं" एवढंच लिहायची.

मग सासूबाई घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तीन आठवडे तास बुडाले. तिने मनाशी ठरवून टाकलं, झालं एवढं पुष्कळ. नव्वद जणांत आपल्यावाचून कुणाचं काय अडतंय!

चौथ्या आठवड्यात शिकवणाऱ्या मॅडमचा फोन आला.

"तुम्ही वर्गात दिसत नाही."

"मॅडम, मी कधीच दिसत नव्हते. कॅमेरा बंद असतो माझा."

"पण 'नाही समजलं' असं सरळ लिहिणाऱ्या तुम्ही एकट्याच. ते वाचून मी तो भाग परत शिकवायचे. आता कुणाला काय कळलं, मला पत्ताच लागत नाही."

पलंगावरून सासूबाईंनी विचारलं, "कोण गं?"

"कॉलेजच्या मॅडम. मी का येत नाही विचारतायत."

"मग जा की. मी काय पळून जातेय?"

बुडालेले तास मॅडमनी पाठवले. सासूबाईंच्या उशाशी बसून तिने ते ऐकले; सासूबाईंनीही ऐकले, मधूनमधून घोरत.

पुढच्या आठवड्यात, ती दुकानात परतली तेव्हा, भिंगांचा धडा होता. "भिंगाचा मध्य हाताने कसा शोधतात, कुणी पाहिलंय?" मॅडमनी विचारलं. तिने दोनदा हात मागे घेतला, मग कॅमेरा सुरू केला. खिडकीच्या गजासमोर काच धरून ती हळूहळू सरकवू लागली.

"काचेतला गज बाहेरच्या गजापासून तुटलेला दिसला, तर मध्य चुकला. उभा, आडवा, दोन्ही सलग दिसले की इथे ठिपका द्यायचा."

"ताई, पुन्हा एकदा दाखवाल?" एका मुलीने विचारलं. तिने दाखवलं. मग आणखी चौघांनी प्रश्न विचारले, आणि दुकान उघडायची वेळ टळून गेली.

संध्याकाळी तिने मॅडमना लिहिलं, "तुम्ही फोन केलात म्हणून मी शिकत राहिले." पाठवून झाल्यावर तिने निवांतपणे पुढची काच उचलली आणि यंत्र चालू केलं.