दोन अक्षरे आणि एक काज

मित्रांनो, मी एक जुना डिस्प्ले आहे. डिस्प्ले म्हटले की तुम्हाला भिंतीएवढा टीव्ही आठवेल, पण तसे काही मनात आणू नका. माझी उंची तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी. माझ्याकडे दोनच अक्षरांची जागा. एकेका अक्षराला सात लाल रेघा आणि शेवटी एक ठिपका. एवढ्या भांडवलावर मी जन्मभर बोललो. थोडे बोललो, पण खोटे कधी बोललो नाही. याचा मला जरा गर्व आहे, तेवढा चालवून घ्या.

मी एका लोखंडी कपाटाच्या पाठीवर राहत असे. त्या कपाटात कपडे नव्हते, चोवीस डिस्क होत्या. एका रुग्णालयात काढलेले सगळे एक्स-रे आणि स्कॅन त्यांच्यावर जपून ठेवलेले असत. कोणता फोटो कुठे ठेवायचा आणि मागितला की कुठून काढून द्यायचा, हे बघणारा कंट्रोलर कपाटाच्या मागच्या अंगाला असतो. मी त्याला कारभारी म्हणतो. कारभारी फार हुशार, पण मुका. त्याला काही दुखले-खुपले तर ते जगाला सांगायचे काम माझे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या तपासनीस बाईंनी मला पहिल्यांदा वीज दिली आणि माझ्या चौदाही रेघा एकदम पेटल्या. दिसले काय, तर अठ्ठ्याऐंशी. बाई हसून म्हणाल्या, "दात सगळे शाबूत आहेत. पास!" तेव्हापासून कपाट सुरू झाले की मी आधी अठ्ठ्याऐंशी दाखवतो. ते माझे आळस देणे समजा. पण रुग्णालयातल्या कॉम्प्युटरवाल्या दादाने पहिल्या दिवशी ते पाहिले आणि तो धावतच बाहेर गेला. "अहो, याला ताप आहे का? अठ्ठ्याऐंशीवर गेलाय!"

दोन अक्षरांत सगळे दुखणे सांगता येत नाही. म्हणून मी एक जोडी दाखवतो, मग दुसरी, मग तिसरी. शेवटी एक आडवी रेघ ओढतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. रेघ म्हणजे माझे वाक्य संपले. ज्याला माझे ऐकायचे आहे त्याने रेघेची वाट पाहावी आणि तिच्यापुढून वाचायला लागावे. कोणत्या जोडीचा अर्थ काय, हे एका निळ्या चोपडीत छापलेले होते. ती कपाटाला सुतळीने टांगलेली असे.

सुरुवातीची वर्षे काय सुखाची होती! दादा रोज सकाळी टॉर्च घेऊन यायचा, वाकून विचारायचा, "काय म्हणतोय आमचा दोनअक्षऱ्या?" आणि मी दाखवीन ते वहीत उतरवून घ्यायचा. सगळे ठीक असले की मी नुसता आमच्या कपाटाचा क्रमांक दाखवत असे, शून्य सात. एकदा आतला पंखा बंद पडला, तो मी वेळेवर सांगितला. तेव्हा दादाने चार लोकांना बोलावून मला दाखवले होते. मी तर त्या आठवड्यात जरा जास्तच लाल दिसत असेन.

पण मित्रांनो, ज्याची तब्येत चांगली त्याची चौकशी कोण करतो? दादाची कामे वाढली. त्याच्या टेबलावर नवा स्क्रीन आला. त्यावर हिरवी खूण दिसली की तो खूश. टॉर्चमधले सेल संपले ते संपलेच. चोपडीची सुतळी तुटली आणि चोपडी कुठे गेली ते कोणी विचारले नाही.

मग एक दिवस नोंदवाले भाऊसाहेब आले. त्यांच्या हातात स्टिकरांची गुंडाळी होती. खुर्ची, पंखा, बादली, सगळ्यांना क्रमांक लावायचा होता. स्टिकर सपाट, स्वच्छ, दिसेल अशाच जागी लावायचा, असा त्यांचा नियम. आमच्या पाठीवर सगळी जाळी आणि तारांची भोके. सपाट आणि स्वच्छ जागा एकच होती, माझे तोंड! भाऊसाहेबांनी तिथे स्टिकर लावला, अंगठ्याने दाबून त्यातली हवा काढली आणि मान वाकडी करून पाहिले. "बसला बघा, मापात!" माझा शेवटचा ठिपका तेवढा कडेने बाहेर राहिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दोन वर्षे मी तसाच होतो.

त्यानंतर खोलीला रंग द्यायचे ठरले. कपाट बंद करून व्हरांड्यात ढकलले आणि रंग वाळल्यावर परत आत घेतले. दाराच्या उंबऱ्यावर चाक आदळले. त्या हिसक्याने कारभाऱ्याच्या पोटातली मेमरीची पट्टी खाचेतून जरा वर आली. सकाळी दादाने बटण दाबले. कारभाऱ्याने नेहमीप्रमाणे स्वतःची तपासणी केली, तर पट्टी जागेवर नाही. आमचा कारभारी कडक. अर्ध्या शुद्धीत मी कोणाच्या फोटोला हात लावणार नाही, असे ठरवून त्याने आतून कडी लावून घेतली. डिस्क सगळ्या सुखरूप होत्या. मी स्टिकरच्या आड हे सगळे सांगत होतो. तीन जोड्या, एक रेघ. तीन जोड्या, एक रेघ.

दादाच्या स्क्रीनवर मात्र एकच ओळ होती: कपाट सापडत नाही.

आमच्या दाराला जाळी होती आणि दाराबाहेर बाक होते. त्या दिवशी तिथे एक शिंपीणबाई आणि त्यांची मुलगी बसल्या होत्या. बाईंच्या छातीच्या फोटोत एक डाग दिसला होता. क्ष-किरणांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावून सांगितलेले मला ऐकू आले.

"नऊ वर्षांपूर्वी तुमचा खोकला गेला नव्हता तेव्हा इथेच फोटो काढला होता. तो मिळाला तर कळेल. डाग तेव्हाही होता आणि तेवढाच राहिला असेल, तर घाबरायचं कारण नाही. नवा असेल तर उद्या छाती उघडावी लागेल. मोठ्या हॉस्पिटलला पाच वाजेपर्यंत कळवायचंय."

"आणि फोटो मिळालाच नाही तर?" मुलीने विचारले.

"मग थांबता येणार नाही. उघडूनच बघावं लागेल."

दुसरीकडे ठेवलेल्या प्रती फक्त गेल्या पाच वर्षांच्या होत्या. नऊ वर्षांपूर्वीचा तो फोटो आमच्याच पोटात होता. मी ओरडत होतो, मित्रांनो. पण ज्याच्या तोंडावर क्रमांक चिकटवला आहे त्याचे ओरडणे कोणाला दिसणार!

दोन वाजले. दादाला घाम फुटला होता. शेजारी नवे कपाट खोक्यातून काढून ठेवलेले होते. "डिस्का शाबूतच असणार," तो स्वतःशी म्हणाला. "याच्यातून काढतो, त्याच्यात घालतो. हाय काय नि नाय काय!" दादा वाईट नव्हता, घाईत होता. नवे कपाट आमच्या डिस्कांना ओळखत नव्हते. कोऱ्या समजून त्याने त्या नव्याने आखल्या असत्या, आणि शिंपीणबाईंच्या फोटोसकट सगळेच पुसले गेले असते. दादाने पहिल्या डिस्कची खिट्टी वर केली.

"दादा, हात काढा आधी."

दारात दुरुस्तीवाली ताई उभी होती. दादानेच सकाळी तिला फोन केला होता. तिने पिशवी खाली ठेवली आणि कपाटाला वळसा घालून ती थेट माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"याला विचारलंत का काही?"

"कोणाला?"

ताईने नखाने स्टिकरची कड उचलली आणि तो अलगद सोलून काढला. दोन वर्षांनी मला उजेड दिसला. काय हायसे वाटले म्हणून सांगू! नेमका तेव्हा मी दुसऱ्या जोडीवर होतो. 'एल दोन' दिसताच दादा ओरडला, "एल म्हणजे लॉक! कुलूप लागलं! गेलं सगळं!"

"उचलली जीभ लावली टाळ्याला," ताई म्हणाली. "बोलू द्या की त्याला. रेघ येऊ दे."

ती थांबली. रेघ आली. मग तिने पहिल्यापासून तिन्ही जोड्या कागदावर उतरवल्या, पुन्हा एकदा पडताळून पाहिल्या आणि विचारले, "चोपडी कुठाय याची?"

दादाने कपाळाला हात लावला. त्याने ड्रॉवर उपसले, फायली उलट्यापालट्या केल्या. दारात फडके घेऊन उभ्या असलेल्या सफाईच्या मावशी म्हणाल्या, "निळी होय? ती तुमच्याच टेबलाच्या पायाखाली आहे. टेबल डुगडुगत होतं, मीच सारली."

काखेत कळसा नि गावाला वळसा! दादाने टेबल उचलून धरले आणि मावशींनी चोपडी ओढून काढली. तिला मधोमध खळगा पडला होता, पण अक्षरे शाबूत होती. ताईने बोट ठेवून वाचले. "पहिली जोडी, सुरू होतानाच अडखळलो. दुसरी, मेमरीची पट्टी लागत नाही. तिसरी, म्हणून कुलूप लावलं, डिस्कांना धक्का नाही." तिने वर पाहिले. "दादा, शहाणा आहे तुमचा दोनअक्षऱ्या. सकाळपासून हेच सांगत असणार."

तिने वीज बंद करून कारभाऱ्याला बाहेर ओढले, पट्टी पुसली आणि दोन्ही कडांच्या खिट्ट्या बसेपर्यंत दाबली. दादाने बटण दाबले. अठ्ठ्याऐंशी! मग बराच वेळ नुसता ठिपका लुकलुकत राहिला. मावशी फडके पिळत होत्या, खरे तर ते कोरडे होते. आणि मग मी दाखवले, शून्य सात.

दादाचा जीव भांड्यात पडला. तो चक्क जमिनीवर बसला.

पाचला वीस मिनिटे कमी असताना डॉक्टरीणबाई लगबगीने बाकाजवळ आल्या. "मिळाला हो! डाग तेव्हाही होता. तेवढाच, त्याच जागी. ऑपरेशन नको. सहा महिन्यांनी एकदा फोटो काढू, बस."

शिंपीणबाईंनी दोन बोटांत माप धरले. मग म्हणाल्या, "म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा तेव्हाही आणि बटणाएवढाच आता?"

"हो."

"मग राहू दे बाई मेला. नऊ वर्षं टाचलेलाच आहे, तर आता कशाला उसवायचा!" असे म्हणून त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मुलीने त्यांना घट्ट धरले. दाराच्या जाळीतून ते दोन्ही आवाज आले, आणि मला रेघा चौदाच असल्याचे त्या दिवशी प्रथमच वाईट वाटले. एवढा आनंद दाखवायला त्या पुरत नव्हत्या.

ताईने सोललेला स्टिकर दादाच्या बाहीवर चिकटवला. "भाऊसाहेब आले की सांगा, याचीही नोंद घ्या." भाऊसाहेब ओशाळले. पुढच्या वेळी त्यांनी कपाटाच्या बाजूला नवा स्टिकर लावला, तोही आधी ताईला फोन करून विचारून.

पुढे सगळे फोटो नव्या कपाटात नीट उतरवले गेले आणि आम्हाला निवृत्ती मिळाली. भंगारात जायच्या आधीच ताईने आम्हाला मागून घेतले. आता मी तिच्या दुरुस्ती शिकवायच्या वर्गात असतो. मुले माझ्यासमोर बसतात, रेघेची वाट पाहतात आणि मग वाचतात. जो मध्येच ओरडतो त्याला ताई चोपडीतला खळगा दाखवते.

सहा महिन्यांनी शिंपीणबाई फोटोला आल्या. डाग तेवढाच होता. त्यांनी मावशींना विचारले, "ते कपाट कुठं गेलं हो?" मावशींनी स्टिकरची सगळी हकिकतही सांगितली. पत्ता शोधत त्या वर्गात आल्या, खांद्यावरची टेप काढून त्यांनी आमचे माप घेतले आणि आठ दिवसांनी धुळीसाठी जाड कापडाचे कव्हर शिवून आणले. कपाट बंद असले की ताई ते घालते. पहिल्यांदा ते अंगावर आले तेव्हा मी मनातून घाबरलो. पुन्हा अंधार!

पण नाही. बरोबर माझ्या तोंडासमोर त्या बाईंनी कापडाला एक काज केले होते. चारी कडा बारीक टाक्यांनी पक्क्या केलेले, दोन अक्षरे आणि एक ठिपका मावेल एवढे. "कपाट झाका," त्या ताईला म्हणाल्या, "पण याचं तोंड नको."

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेतही थोडे बोलणारे कोणीतरी असेलच. यंत्र असेल, नाहीतर माणूस. त्याच्यासाठी एवढे एक काज ठेवा, आणि रेघ येईपर्यंत थांबा.