खिळ्यांच्या यादीतली चौकट

कप्पेसाहेबांनी मागचा खाकी कागद टराटरा फाडला, पक्कडीने चार खिळे ओढून काढले आणि सुताराला मान हलवून खूण केली. सुताराने चित्र चौकटीतून अलगद उचलून मऊ कापडावर ठेवलं. चौकट तशीच टेबलावर पालथी राहिली.

"आणि ही?" सुताराने विचारलं.

"भंगारात. यादीत आहे तसं."

यादी समोर बसलेल्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये होती. कप्पेसाहेब निवृत्त झाल्यावर नोंदणीचं काम तीच बघणार होती. संग्रहालयातली चित्रं नव्या इमारतीत जायची होती, आणि तिथे ती बारीक अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांत लागणार होती. जुन्या लाकडी चौकटी एकंदर एकतीस. नोंदवहीत त्यांना नंबर नव्हता, आणि ज्याला नंबर नाही ते शनिवारी भंगारवाल्याच्या गाडीत जाणार होतं.

कप्पेसाहेब हे नाव शिपायांनी ठेवलेलं. कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात बसते हे ठरवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. चित्र, शिल्प, छपाईचं चित्र, छायाचित्र, वस्त्र, आणि जे वापरात येतं ते सगळं उपयोजित. जेवणाच्या सुट्टीत कुणी डबा उघडला की शिपाई म्हणत, आधी साहेबांना दाखवा, भाजी कुठल्या वर्गात जाते ते कळू दे. साहेबही हसत. हे सगळे वर्ग ज्या पुस्तिकेत होते ती त्यांनी अठ्ठाविसाव्या वर्षी लिहिली होती. नोकरीला पुरतं वर्षही झालं नव्हतं, पण शिक्षण ताजं होतं आणि शिंगं फुटली होती. पान नऊवर त्यांनी लिहिलं होतं: चौकट, शिल्पाखालची बैठक, खिळे, दोरी या कलावस्तू नव्हेत, त्यांना साहित्य समजावे व त्यांची नोंद करू नये.

त्या एकतीस चौकटी त्यांच्या वडिलांनी केल्या होत्या. हे संग्रहालयात कुणालाच ठाऊक नव्हतं. वडिलांचं फ्रेमचं दुकान होतं, संग्रहालयाचं काम मुलगा तिथे लागण्याच्या आधीपासून त्यांच्याकडे होतं, आणि मुलाने नोकरीला लागल्यावर ओळख दिली नाही. सोमवारी भंगाराच्या यादीवर सही करतानाही कप्पेसाहेबांचा हात अडखळला नव्हता. हात अडखळला नाही, हेच त्यांना घरी गेल्यावर मनाला लागलं.

"साहेब, इथे काहीतरी होतं," सुतार म्हणाला. तो चौकटीच्या पाठीवर वाकला होता. खालच्या उजव्या कोपऱ्यात, कागदाखाली झाकलेल्या भागात, एक उथळ खाच होती. दोन इंच लांब, अर्धा इंच रुंद. कडा पटाशीने सरळ काढलेल्या, तळ काचेसारखा गुळगुळीत.

"पट्टी पडली असेल," मुलगी म्हणाली. संग्रहालयातल्या प्रत्येक नोंदलेल्या वस्तूला पूर्वी नंबर कोरलेली पितळी पट्टी लावत. आता स्टिकर लावतात.

सुताराने खाचेत अंगठा फिरवला. "खिळ्याचं भोक नाही. इथे कधी काही बसलेलंच नाही. पण जागा मात्र मन लावून केलेली आहे."

कप्पेसाहेबांनी पक्कड खाली ठेवली.

पुस्तिका छापून आली त्या दिवशी ती त्यांनी घरी नेली होती. जेवणं झाल्यावर वडिलांनी हात पुसून ती उघडली, चष्मा लावून पानं उलटली, आणि विचारलं, "यात फ्रेम कशात धरता रे?"

"कशातच नाही, बाबा. ती साहित्यात. खिळ्यांबरोबर."

"असू दे. खिळेही चांगलेच असतात." वडील हसले होते. मग थोड्या वेळाने, पान न उलटता, "तुमची ती पितळेची पट्टी केवढी असते?"

"दोन इंच बाय अर्धा. का?"

"सहज."

त्या 'सहज'चं पुढे काही झालं नाही. त्यानंतर महिन्याभरात वडील नवी चौकट घेऊन संग्रहालयात आले. एक टोक त्यांनी धरलेलं, दुसरं मुलाने. संचालक जाता जाता थांबले, कोरीव पानांवरून त्यांनी बोट फिरवलं, आणि कौतुकाने विचारलं, "हे कोण गृहस्थ?"

मुलगा म्हणाला, "फ्रेमवाला."

वडिलांनी संचालकांना वाकून नमस्कार केला. मग मुलाकडे बघून म्हणाले, "साहेब, तुमची बाजू जरा वर घ्या." त्या दिवसापासून संग्रहालयाच्या दारात शिरले की ते मुलाला साहेब म्हणत. घरी अरे-तुरे चालूच होतं, आणि त्या गोष्टीचा विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं कप्पेसाहेबांना कितीदा वाटलं होतं. दोन शब्द ऐकून मोकळं होता आलं असतं.

आता ते उठले आणि भिंतीशी लावून ठेवलेल्या चित्रांकडे गेले. एकेक चित्र पुढे ओढून त्यांनी मागच्या कागदाचा उजवा कोपरा फाडायला सुरुवात केली.

"सर, ती सगळी उद्या काढायची आहेत," मुलगी म्हणाली.

त्यांनी ऐकलं नाही. नऊ चौकटींना खाच नव्हती. त्या पुस्तिकेच्या आधीच्या होत्या. उरलेल्या प्रत्येकीला होती, त्याच कोपऱ्यात, त्याच मापाची. टेबलावरची धरून बावीस. शेवटची दोन-तीन कामं वडिलांनी म्हातारपणी हात थरथरायला लागल्यावर केली होती. त्यांतली पानं थोडी ओबडधोबड झाली होती, पण खाच तिथेही सरळ होती.

कप्पेसाहेब टेबलाशी परत आले. त्यांनी खालचा ड्रॉवर ओढला. स्टिकर आल्यापासून त्यात जुन्या कोऱ्या पट्ट्या पडून होत्या. एक त्यांनी रुमालाने पुसली आणि खाचेवर धरून अंगठ्याने दाबली. ती बसली. चौकट हलवून पाहिली तरी पट्टी हलली नाही.

"नवी नोंद उघड," ते मुलीला म्हणाले. "एकतीस नंबर लागतील."

"फ्रेमना? पण सर, पान नऊ..."

"पान नऊ मी लिहिलंय. मी चुकलो होतो. तसं पत्र आज देतो."

तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नोंद उघडली. "वर्ग कुठला टाकू?"

वर्ग ठरवायला उभ्या आयुष्यात त्यांना कधी मिनिटापेक्षा जास्त लागलं नव्हतं. सुतार पक्कड उचलून परत ठेवण्याइतका वेळ गेला.

"तो रकाना राहू दे. खालचा भर."

"कर्त्याचं नाव? आडनाव आधी सांगा."

त्यांनी आडनाव सांगितलं. तिने ते टाइप केलं आणि तिची बोटं थांबली. मग त्यांनी पुढचं नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, जणू तिच्याकडून चूक होईल.

"तुमचे वडील?"

"हो."

"सहा वर्षं मी तुमच्या हाताखाली आहे सर. रोज या फ्रेमसमोरून जातो आपण. कधी बोलला नाहीत."

सुताराला त्यांचा चेहरा दिसत होता. तो हळूच म्हणाला, "माणूस आपणहून कसं सांगणार, मॅडम? कुणी विचारलंच नसेल."

कप्पेसाहेब पट्टीवरून अंगठा फिरवत होते.

"विचारलं होतं," ते म्हणाले. "बाबांच्या समोरच विचारलं होतं."