दोन व्हॉल्व्ह

आरमोरीच्या गुणवंतरावांकडे लष्करी लिलावातला, हेडफोन लावून ऐकायचा बॅटरीचा रेडिओ होता आणि त्याला आवाज देणारे, आलटून-पालटून बसवायचे काचेचे दोन जुने व्हॉल्व्ह होते, एक विलायती, एक अमेरिकन. कोणता गोड, यावरून त्यांचं बायकोशी रोज भांडण व्हायचं. "तुमचा अमेरिकन सर्दी झाल्यावानी बोलते," असं रुखमाबाई म्हणायच्या. त्या वारल्या आणि गुणवंतरावांना दोन्ही सारखेच ऐकू येऊ लागले. संपलेत ते व्हॉल्व्ह की आपण, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

म्हणून भेटायला आलेल्या शेजारच्या देवाजीच्या कानांवर त्यांनी हेडफोन चढवले आणि विलायती व्हॉल्व्ह लावला.

"कसा हाय?"

"गोड हाय, भाऊ."

मग अमेरिकन लावला. "आन हा?"

"हा बी गोड."

"अबे, फरक सांग ना!"

"तुमी म्हनान तो फरक, भाऊ."

सुतकातल्या माणसाचं बोलणं खोडायचं नसतं आणि देवाजी रीतीला पक्का होता. गुणवंतरावांनी व्हॉल्व्ह उपसून बाजूला ठेवला, दुसरा लावलाच नाही.

"आता?"

देवाजीनं डोळे मिटले. "हा तं सगळ्यात गोड."

गुणवंतरावांनी हेडफोन स्वतःच्या कानांना लावले. आत काहीच नव्हतं. त्यांनी बराच वेळ लक्ष देऊन ऐकलं. त्यांना हाही त्या दोघांसारखाच वाटला.

"बरोबर हाय तुहं," ते म्हणाले आणि तसेच ऐकत बसले.