उंबऱ्यापलीकडची रेघ

शहापुरातल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत, फरशीवर निळ्या ऑइल पेंटच्या रेघा होत्या. पहिली भिंतीपासून जेमतेम चार पावलांवर, शेवटची उंबऱ्यापलीकडे, ओट्यावर. भिंतीवर बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या मधोमध बावीस प्रतिज्ञांची फ्रेम होती. सुगत दर रविवारी सकाळी चष्मा न लावता ती वाचायचा आणि अक्षरं जिथून स्पष्ट दिसत तिथे उभा राहायचा. ती जागा भिंतीपासून आणखी मागे सरकली असली की तिथे नवी रेघ ओढायचा.

रेल्वेच्या सहायक चालकाची लेखी परीक्षा तो पास झाला होता. मंगळवारी नागपूरला डोळ्यांची तपासणी होती. तिथे चष्मा चालत नाही, लेझर केलेलं चालत नाही. वयाच्या अटीमुळे पुढच्या भरतीत त्याला बसता येणार नव्हतं. चष्मा चालतो अशा जागांचे अर्जही निघाले होते. ते त्याने भरले नाहीत. रेघा मागे जात होत्या, मग कशाला भरायचे?

मोबाइलवरच्या एका व्हिडिओपासून हे सुरू झालं. सकाळी धानाच्या बांधावर उभं राहून दूरच्या झाडांकडे बघायचं, वाचायचं ते बाहेर उजेडात, चष्म्याचा नंबर कमी करत न्यायचा, मग चष्मा सोडायचा. थोरली बहीण रत्नमाला पवनीला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तिने फोनवर सांगितलं होतं, की वाढत्या वयातल्या मुलांना बाहेरच्या उजेडाचा फायदा होतो, पण दूरचं धूसर दिसतं ते बुबुळामागे डोळा लांबल्यामुळे, आणि एकदा लांबलेला डोळा परत आखूड होत नाही. सुगतने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं धरून ठेवलं. तेव्हा ती म्हणाली होती, "मग निदान नीट मोज. मजकूर तोच, उजेड तोच, वेळ तीच."

त्याने अगदी तसंच केलं होतं. रेघांवर तिचा विश्वास बसत नव्हता, पण त्या खोट्या म्हणायला कारणही सापडत नव्हतं.

रविवारी ती आली तेव्हा सुगत ओट्यावर उभाच होता.

"ताई, आज तू तपास. लहानपणी आंधळा आंधळा म्हणत होती ना मले?"

"आंधळा नव्हती म्हणत. चष्म्यावरून बॅटरी म्हणत होती."

"तेच ते. आता आयक."

तो वाचू लागला. आवाज मोकळा, कुठे अडखळणं नाही. त्यांची आई तुळसाबाई दाराशी, फ्रेमकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. मधेच सुगतला ठसका लागला. तो खोकत राहिला आणि तुळसाबाईने सुपातली नजर न काढता ती प्रतिज्ञा पुरी केली. पुढचीही म्हटली. मग सुगतने तिथूनच पुढे सुरू केलं.

तुळसाबाईला वाचता येत नव्हतं.

रत्नमालाने चहाचा कप खाली ठेवला. "माय, तुले सगळ्या पाठ आहेत?"

"कोणाले नाहीत? यानं त पाच वर्षाचा असताना विहारात स्टुलावर उभं राहून सगळ्या म्हणल्या होत्या. तूच मधात अटकली होती, मास्तरीणबाई."

सुगत हसला. रत्नमाला हसली नाही. तो खोटं बोलत नव्हता, हे तिला दिसत होतं. पाठ असलेला शब्द धूसर आकारावर जाऊन बसतो आणि माणसाला तो खरंच दिसल्यासारखा वाटतो. मजकूर तोच ठेव, असं तिनेच सांगितलं होतं.

तिने कॅलेंडरचं जुनं पान फाडलं. फ्रेममधल्या अक्षराची उंची पट्टीने मोजून, तेवढीच सुटी अक्षरं मागच्या कोऱ्या बाजूवर काढली. कशाचाही शब्द होऊ दिला नाही. पान फ्रेमच्या काचेवर चिकटवलं.

"हे कायले?" सुगतने विचारलं.

"मंगळवारी असंच असते. आज घरी करू."

तो बघत राहिला. हसू तसंच होतं, पण आवाज येईना.

"वाच ना रे," तुळसाबाई म्हणाली.

"वाचून राहिलो, माय."

तो उंबरा ओलांडून आत आला. एका रेघेवर थांबला, मग पुढच्या. डोळे बारीक करायला लागला तेव्हा रत्नमाला म्हणाली, "उघडे ठेव." त्याने ठेवले. पहिल्या रेघेवर उभं राहून त्याने 'म'ला 'भ' म्हटलं. रत्नमालाने त्याच अक्षरावर पुन्हा बोट ठेवलं. त्याला कळलं आणि तो अजून एक पाऊल पुढे सरकला. तिथून सगळी अक्षरं बरोबर आली.

"पण तो वाचत होता ना?" तुळसाबाई उठून उभी राहिली. "दर रविवारी मी आयकत होती. सुदं, न अटकता वाचत होता."

सुगतने कपाटातून जुना, पूर्ण नंबरचा चष्मा काढला, लावला, ओट्यावर जाऊन पानाकडे बघितलं. अक्षरांच्या कडा तरीही विरलेल्याच होत्या.

"नंबर वाढला?"

"थोडा," रत्नमाला म्हणाली.

तो आत आला. पेंटचा डबा उघडून, जिथे शेवटी उभा होता तिथे त्याने रेघ ओढली. दर रविवारच्या सवयीने हात चालला. मग तिथेच उकिडवा बसून राहिला.

"ताई, तिथं कोणते अक्षरं रायतात, तुले भेटन का कुठून? माहं पाठांतर चांगलं आहे. मी करून घेईन परवालोक."

"सुगत."

"काहून? एकदाच त वाचाचं आहे."

"आणि सिग्नल? ते कोण पाठ करून देईल तुले?"

त्याने मान वर केली नाही. तुळसाबाईने सूप उचललं. सुपात खडे राहिले होते, तरी तांदूळ डब्यात ओतले.

फाटक वाजलं. वडील बाबुलाल राइस मिलची पाळी संपवून आले होते, केसांवर भाताच्या कोंड्याची पूड. दर रविवारी चपला काढता काढता ते एकच विचारायचे.

"आज कुठलोक गेला रे, डायव्हर?"

ओट्यावर नवी रेघ नव्हती. ते रेघा बघत बघत आत आले आणि भिंतीजवळ, सगळ्या रेघांच्या पुढे, ओल्या रंगापाशी थांबले.

"आणि हे कायची?" त्यांनी विचारलं.