साडेपाचचा चहा

नवरा लष्करात आणि बायको इस्लामपूरजवळच्या मळ्यात, म्हणजे संसार सगळा फोनवरच. इंद्रजितची पहाऱ्याची पाळी संपून फोन हातात यायचा तो पहाटे साडेपाचला, आणि सहाला पुन्हा हजेरी. तेवढ्या वेळात तो तिकडे चहाचा पेला घेऊन बसायचा, दीपमाला इकडे कप घेऊन. रोज बोलण्यासारखं तरी काय असणार? म्हैस किती दूध देते, आईचा गुडघा कसा आहे, एवढंच. पण आपण दोघं एकत्र चहा पितोय, यावरच ती पुढचा दिवस ढकलायची.

ढकलायचीच म्हणायचं. वर्षभर अंगात त्राण नव्हतं. चेहरा सुजलेला, केस मूठमूठ गळायचे, आवाज घोगरा, पाळी दोन-दोन महिने गायब. "आळसावलीया," असं सासू शालूबाई आधी म्हणाल्या खऱ्या, पण भर दुपारी सून स्वेटर घालून बसलेली पाहिली तेव्हा त्यांनीच तिला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, थायरॉईड निघालं. गळ्यातली ग्रंथी मंदावली होती. इंद्रजितला कळू द्यायचं नाही, असं दीपमालानं बजावलं. त्याच्या जिवाला तिकडे घोर कशाला?

सहा महिने गोळी घेऊनही रक्ततपासणीतला आकडा खाली येईना. दिवाळीत तो सुट्टीवर येणार, लग्नाला चार वर्षं झालेली, मूल दोघांनाही हवं. आणि डॉक्टरीणबाई म्हणायच्या, आधी आकडा जागेवर येऊ दे.

"गोळी घेतेस कशी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"उठल्या उठल्या. चहाबरोबर."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, चहानं ती अंगाला लागत नाही. साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा तासाभरानं."

साडेपाचचा चहा साधायला साडेचारला उठावं, तर मेलं अंग उठू देईना. दोन दिवस गजर बोंबलून गप्प झाला. शेवटी ती गोळी घेऊन रिकामा कप हातात धरून बसायला लागली. चार दिवस खपलं.

"तुजा भुरका ऐकू येत न्हाई," पाचव्या दिवशी इंद्रजित म्हणाला. "चहा सोडलास, का माज्यावर रुसलीस?"

खोटं तिला कधी जमलंय! तिनं सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"म्हंजी सा म्हैनं तुजं औषध मीच वाया घालवलं," तो म्हणाला. "उद्यापासनं फोन करत न्हाई. तू निवांत नीज."

"आवं, असं नगा करू," ती म्हणेपर्यंत फोन बंद.

दुसऱ्या दिवशी ती तरीही उठली, पाण्याबरोबर गोळी घेतली आणि स्वयंपाकघरात बसली. साडेपाच वाजले. पावणेसहा झाले. आणि फोन वाजला.

"घेतलीस गोळी?"

"व्हय."

"मी बी चहा घेतला न्हाई. बस नुसती."

आता आली का पंचाईत! चहा होता तोवर फुंकर मारण्यात, घोट घेण्यात वेळ निघून जायचा. आज हात रिकामे. फौजीला 'या' म्हणून बोलवायचं नाही, त्याचं पाऊल तिकडे अडखळतं, ही त्या घराची रीत. शालूबाईंनी ती आधी नवऱ्यासाठी, मग मुलासाठी जन्मभर पाळली होती, आणि दीपमालानं चार वर्षं.

"बोल की," तो म्हणाला.

"मला करमत न्हाई," ती म्हणाली. घोगरा आवाज आणखीच फाटला. "लवकर या."

तिला वाटलं, चुकलंच आपलं.

"पुन्यांदा म्हण," तो म्हणाला.

ती पुन्हा म्हणाली. त्याची हजेरीची वेळ होईपर्यंत तेच म्हणत राहिली.